हिवाळ्यातल्या सहली, घरातले संस्कार आणि नाताळचं कुटुंबपत्र: खान्देशातल्या ख्रिस्ती कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, दसरा झाला की हेच प्रश्न फिरू लागतात. तारखा २०२६ च्या नाताळाच्या धरल्या आहेत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट रीत जिथे वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

कुटुंबपत्र म्हणजे नेमकं काय, आणि ते लिहायला कधी बसायचं?

घरात वर्षभरात काय घडलं, कोण कुठे जाऊन आलं, कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाची बदली झाली, हे लांबच्यांना कळवणारं एक पान. पुण्या-सुरतेला नोकरीला गेलेली भावंडं, पूर्वीचे पाळक (धर्मगुरू), गावाकडची आत्या यांच्यासाठी ते असतं. लिहायला डिसेंबरात बसायचं, पण जमवायचं जानेवारीपासून. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या चौकोनात पेन्सिलीने तीन शब्द टाकत जा: कुठे, कोण, काय. डिसेंबरात आठवून लिहिलेल्या पत्रात तारखा चुकतात, नातवंडांची वयं चुकतात, आणि सहलीला सोबत आलेला एखादा मेहुणा हमखास गळतो. पुढचं वर्षभर तो ते ऐकवतो.

२९ नोव्हेंबरला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार आहे. तोवर कच्चा मजकूर तयार हवा. १० डिसेंबरपर्यंत छपाई उरकली की २० तारखेच्या उपासनेनंतर हातोहात वाटप होतं.

पत्र किती लांब असावं? काय घालावं?

चारशे शब्द आणि तीन फोटो. ए-फोर कागदाच्या एका बाजूला मावलं पाहिजे. दहा सहलींची यादी देण्यापेक्षा एक सहल नीट सांगा. ‘तोरणमाळला गेलो, खूप मजा आली’ या वाक्यात वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. ‘घाटात धाकट्याला दोनदा उलटी झाली आणि वर तलावाकाठी बसून त्यानेच सगळ्यांच्या वाटच्या शेंगा संपवल्या’, हे मात्र आजी चार जणांना वाचून दाखवते.

परीक्षेचे टक्के, पगार आणि गाडीचं मॉडेल ही तिन्ही टाळा. मुलगी बारावी झाली, आता नर्सिंगला आहे, एवढं पुरे. जाणार असलेल्या प्रवासाच्या तारखाही लिहू नका. घर कधी बंद असेल हे गावभर छापून वाटायचं कारण नाही.

घरात मृत्यू किंवा मोठं आजारपण झालं असेल तर?

पहिल्याच परिच्छेदात, सरळ वाक्यात लिहा: कोण, कधी, दफन कुठे झालं. खाली शेवटी ढकललं की सहलीचं वाचून हसलेला माणूस ओशाळतो. आजारपणाचे तपशील ज्याचे आहेत त्याला विचारूनच. प्रार्थनेची विनंती करायची तर ती नेमकी करा, ‘१२ जानेवारीला डोळ्याचं ऑपरेशन आहे’ अशी.

फोटो छापल्यावर धूसर का येतात? आणि डीटीपीवाल्याने पाठवलेला मजकूर मोबाइलवर अगम्य का दिसतो?

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्याचा आकार कमी होतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल जाते. दहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या स्वच्छ छपाईसाठी फोटो साधारण १२०० बाय १८०० पिक्सेलचा हवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून उतरवलेला चालत नाही.

मजकुराची अडचण फॉन्टची. अनेक छपाई दुकानांत अजून जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट चालतात. तो मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर तुम्हीच मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून द्या आणि परत घेताना पीडीएफ मागा. छापायला सोडण्याआधी जोडाक्षरं आणि रफार बारकाईने पाहा, फॉन्ट बदलताना तेच आधी मोडतात. लहान मुलांचे फोटो लावताना शाळेचा गणवेश आणि बिल्ला दिसणार नाही असे निवडा.

यंदा सुट्ट्या कशा पडतात? प्रवास कधी करावा?

नाताळ शुक्रवारी आहे, म्हणजे २५, २६, २७ असे तीन दिवस सलग. नवीन वर्षही शुक्रवारीच. ३ जानेवारी हा महिन्याचा पहिला रविवार, बऱ्याच मंडळ्यांत त्या दिवशी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) असतं. म्हणून बाहेरगावी जाणाऱ्यांनी २६ ला दुपारी निघून २ जानेवारीच्या रात्रीपर्यंत परत यावं, हे सर्वांत सोयीचं. २३-२४ ला निघणाऱ्यांच्या मुलांना नाताळच्या नाटुकलीत भूमिका देऊ नये. मेंढपाळ ऐनवेळी सुरतेच्या गाडीत बसलेला असतो आणि संडेस्कूलच्या बाई दुसरा शोधत फिरतात.

रेल्वेचं तिकीट मिळतच नाही. नेमकं केव्हा काढायचं?

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. सकाळी ८ वाजता. हिशेब असा: २३ डिसेंबरच्या गाडीचं तिकीट २४ ऑक्टोबरला, आणि २ जानेवारीच्या परतीचं ३ नोव्हेंबरला. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे ३ तारखेला घरोघरी दिवाळीची धांदल असते आणि परतीचं तिकीट नेमकं तेव्हाच राहून जातं. मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा.

तत्काळ आदल्या दिवशी उघडतं: एसीसाठी सकाळी १०, बाकीच्या वर्गांसाठी ११. ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते काम आधीच करून ठेवा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, नाही घेतला तर अर्धं. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, आबांना तसं आधीच सांगून ठेवा.

अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडच्यांना उधना मार्ग आहे, भुसावळ गाठायची गरज नाही. त्याच मार्गावर नवापूर स्टेशन लागतं, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. पत्रातल्या फोटोसाठी यापेक्षा स्वस्त पर्यटनस्थळ नाही.

म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर एका दिवसात कुठे जाता येईल?

जळगाव-भुसावळकडून: हतनूर धरणाचा परिसर. डिसेंबर-जानेवारीत तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात. चक्रवाक आणि पट्टकादंब दिसले तर दिवस सार्थकी. सकाळी सात ते दहा हीच वेळ, उन्हं वर आली की पक्षी दूर पाण्यात सरकतात. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते. लाल-पिवळे स्वेटर घरी ठेवा आणि गाडीतला गाण्यांचा आवाज बंद करा. परतीला तापी-पूर्णेचा संगम आणि चांगदेवचं दगडी मंदिर पाहून होतं.

अजिंठा जळगावपासून सुमारे ६० किलोमीटर. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणजे नाताळच्या सुट्टीतला २८ डिसेंबर बाद. खासगी गाडी फर्दापूरजवळच्या फाट्यावर ठेवून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं. त्यासाठी जाता-येता मिळून एक तास जास्तीचा धरा. चढायला डोली मिळते, भाव खालीच ठरवा. वेळ थोडा असेल तर १, २, १६ आणि १७ क्रमांकाची लेणी पाहा. फ्लॅश चालत नाही.

चाळीसगावकरांसाठी पाटणादेवी, साधारण १८ किलोमीटर. गौताळा अभयारण्याचा हा भाग आहे. इथला शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाचा आहे. गणिताला कंटाळलेल्या मुलाला तो जरूर दाखवा. धबधब्यासाठी मात्र डिसेंबरात जाऊ नका, तोवर धार बोटाएवढी होते. पाण्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबर.

धुळ्याहून लळिंगचा किल्ला महामार्गालगतच आहे. चढउतार आणि वर फिरणं मिळून तीन तास. वर टाकी आहेत, पण त्यातलं पाणी पिऊ नका. माणशी दोन लिटर खालूनच न्या. गुडघे दुखणाऱ्यांनी पायथ्याशी चटई टाकून बसावं, तिथूनही डबा उघडता येतो.

तोरणमाळला मुक्कामी जायचं आहे. काय सांभाळायचं?

शहाद्याहून सुमारे ५० किलोमीटर, उंची साधारण ११५० मीटर. शहाद्यातच टाकी भरा, हवा तपासा, रोकड काढा. वर मोबाइलची रेंज येते-जाते, फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका. मुक्कामाची खोली आधी पक्की केल्याशिवाय घाट चढू नका, कारण पर्याय मोजकेच आहेत.

सातपायरी घाटात चूक होते ती उतरताना. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ते तापतात, जळका वास येतो आणि नंतर दाबूनही लागत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. वास आलाच तर मोकळ्या जागी थांबून वीस मिनिटं जाऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि सकाळी पोटभर पोहे खाऊ घालू नका.

थंडीची लाट आली की सातपुड्याच्या या भागात पहाटे दव गोठतं. माणशी दोन पांघरुणं, कानटोपी, मोजे. यशवंत तलावात पोहायला उतरू नका. सीताखाईचा कडा पाहताना मुलांचा हात धरा, काठावरचं सुकलेलं गवत पायाखाली घसरतं.

सहलीत रविवार आला तर उपासनेचं काय?

शनिवारी निघून रविवारी संध्याकाळी परतण्याचा बेत असेल तर आधी पाळकांना किंवा फादरांना कळवा. ज्या गावी जाताय तिथल्या मंडळीचा फोन क्रमांक त्यांच्याकडेच मिळतो. इंटरनेटवरच्या वेळा बहुतेक जुन्या असतात, आणि हिवाळ्यात कित्येक ठिकाणी सकाळची उपासना अर्धा-एक तास पुढे जाते. तिथली भाषा विचारून ठेवा, नंदुरबारकडच्या खेड्यांत गीतं मावचीत किंवा भिलीत असू शकतात. मुलांना तीच सर्वांत जास्त आवडतात.

डोंगरावर जवळ मंडळीच नसेल तर एक गीत, एक उतारा, एक प्रार्थना. वीस मिनिटं पुरतात. ध्वनिक्षेपक नको, आणि दुसऱ्यांच्या देवस्थानाच्या आवारात नको.

सगळ्या कुटुंबांची मिळून भरीत पार्टी करायची आहे. दहा माणसांना किती लागतं?

भरताची वांगी चार किलो, हिरवी मिरची पाव किलो, सोललेला लसूण शंभर ग्रॅम, कांद्याच्या पातीच्या चार जुड्या, कोथिंबिरीची एक मोठी, शेंगदाणे दीडशे ग्रॅम, तेल पाव लिटर, मीठ. कळण्याच्या भाकरीसाठी चार भाग ज्वारीला एक भाग उडीद, दळतानाच मीठ घालून. दहा माणसांना अडीच किलो पीठ धरा, गारठ्यात माणूस जास्त खातो.

वांगं हिरवं, चकचकीत आणि आकाराच्या मानाने हातात हलकं लागलं पाहिजे. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात आणि भरीत कडसर होतं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या नावाने काहीही विकलं जातं, म्हणून वजन हातातच जोखा. प्रत्येक वांग्याला उभी चीर देऊन आत कीड पाहा. चीर दिली नाही तर ते आगीत फुटतं आणि गर राखेत जातो. वरून तेलाचं बोट फिरवा.

भाजायला तुराट्या (तुरीच्या काड्या) किंवा पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या), पण पूर्ण वाळलेल्या. ओल्या असल्या की नुसता धूर होतो आणि तोच वास भरताला लागतो. मोठ्या जाळावर दहा-बारा मिनिटं, सारखं फिरवत. देठाजवळ काडी टोचून पाहा, तिथे सर्वांत शेवटी शिजतं. भाजलेली वांगी परातीखाली दहा मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. साल काढायला पाण्यात बुडवू नका, सगळी चव पाण्यात उतरते. मग लाकडी बडगीत आधी भाजलेली मिरची, लसूण आणि मीठ, त्यावर वांगी घालून ठेचा. मिक्सर लावला की त्याची चटणी होते. तेलात शेंगदाणे तळून घ्या, त्यात चिरलेली पात घाला, आणि ते गरम तेल ठेचलेल्या गरावर ओता. काही घरांत फोडणी न देता कच्चंच खातात. वाद घालू नका, दोन भांडी करा.

जागा ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून. अभयारण्यात चूल पेटवायला मनाई आहे, पाटणादेवी आणि यावल अभयारण्यातलं पाल दोन्हीकडे. कडब्याच्या गंजीपासून लांब बसा, दोन बादल्या पाणी शेजारी ठेवा आणि निघताना निखारे विझवून माती टाका. पऱ्हाट्या वापरल्या जाव्यात असं शेतकऱ्यालाही वाटतं, कारण उभ्या राहिल्या की त्यांत बोंडअळी मुक्काम करते.

मधमाश्या आणि सापांची भीती वाटते.

कडे आणि जुन्या वास्तूंवर आग्या मोहोळ असतं. त्याखाली धूर, अत्तर, दगडफेक आणि मोठा आवाज नको. माश्या उठल्या तर डोकं-तोंड ओढणीने झाकून सरळ लांब पळा, हात झटकू नका, पाण्यात उडी मारू नका. काटा नखाने खरवडून लगेच काढा. तोंड-घसा सुजला किंवा धाप लागली तर वेळ न घालवता दवाखाना.

साप चावला तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, साप मारायच्या मागे लागू नका. अंगठी-बांगड्या काढा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सापाच्या विषावरची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या.

बाळाचा बाप्तिस्मा नाताळच्या सुट्टीत करायचा आहे. कागदपत्रं कोणती, आणि कुठे अडतं?

आई-वडिलांच्या लग्नाचा दाखला, बाळाचा जन्मदाखला, आणि दुसऱ्या मंडळीत करायचा असेल तर स्वतःच्या मंडळीचं परवानगीपत्र. कॅथलिकांत धर्मपिता किंवा धर्ममाता होणाऱ्याचं वय किमान १६ आणि दृढीकरण झालेलं लागतं. लाडका मामा चौदा वर्षांचा असेल तर तो फोटोत उभा राहील, नोंदवहीत नाही. बालबाप्तिस्मा न मानणाऱ्या मंडळ्यांत बाळाचं समर्पण होतं, तिथे कागद कमी लागतात.

अडतं ते नावाच्या लिखाणात. जन्मदाखल्यावर ‘मेरी’, बाप्तिस्म्याच्या वहीत ‘मरिया’, शाळेत ‘मेरीबाई’, असं झालं की वीस वर्षांनी पासपोर्टच्या वेळी तिन्ही कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून आधी जन्मनोंद, मग बाप्तिस्मा, आणि वहीत नाव जन्मदाखल्याची झेरॉक्स समोर ठेवूनच लिहायला सांगा. वडिलांचं नाव आणि आडनावही अक्षर न् अक्षर तेच. जन्माची नोंद २१ दिवसांत होते. नाव ठरलं नसेल तर ते १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश आणि पासपोर्टसाठी जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, बाप्तिस्म्याचा दाखला त्याची जागा घेत नाही.

पाळकांना तारीख नोव्हेंबरातच मागा. २५ डिसेंबरला आग्रह धरू नका, त्या दिवशी त्यांना जेवायलाही फुरसत नसते. २७ चा रविवार चांगला.

आणि लग्न?

आगमनकाळ आणि उपवासकाळ (राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानदिन म्हणजे ईस्टरपर्यंतचा) यांत बहुतेक मंडळ्या लग्न टाळायला सांगतात. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि पुनरुत्थानदिन २८ मार्चला आहे. म्हणजे थंडीतली मोकळी जागा २६ डिसेंबर ते ९ फेब्रुवारी. ती हुकली की एप्रिल-मे, आणि भुसावळच्या मेमध्ये सूट घालून उभं राहणाऱ्या नवरदेवाची कीव करावी.

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार पाळकाने दिलेल्या प्रमाणपत्रानंतर दोन महिन्यांत लग्न व्हावं लागतं, नाहीतर सगळं पुन्हा. सामान्यतः वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ची आहे, कॅथलिकांसारखे काही अपवाद सोडून. वरात उशिरा पोचण्याची आपली सवय पाहता विधी चारचा ठेवा. ठरलेल्या लग्नाच्या जाहीर घोषणा मंडळीत रविवारी होतात, बहुधा सलग तीन, त्यामुळे निदान दीड महिना आधी नाव द्या. कॅथलिकांना बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला, नव्याने काढलेला लागतो. घरच्या पेटीतला जुना चालत नाही.

२ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आधी कबरींची साफसफाई कशी करावी?

यंदा तो सोमवार आहे, काम शनिवारीच उरका. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं असतं. हात घालण्याआधी काठीने झोडा, पायात बूट, हातात मोजे. पाच किलो कळीचा चुना दहा लिटर पाण्यात आदल्या रात्री लोखंडी किंवा मातीच्या भांड्यात भिजवा. पाणी उकळू लागतं, म्हणून प्लास्टिकची बादली आणि मुलं दोन्ही लांब ठेवा. सकाळी गाळून मूठभर मीठ आणि थोडा डिंक घातला की हाताला पांढरं लागत नाही. दोन पातळ हात द्या, एकच जाड दिला तर पोपडे निघतात. चुना डोळ्यांत उडाला तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा.

हरेगाव आणि नाशिकच्या यात्रा?

श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउली (मरियामाता) यात्रा सप्टेंबरात, म्हणजे छत्री आणि गमबूट. नाशिकरोडच्या बाळ येशूची फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास. जळगावहून रेल्वेने सुमारे २३५ किलोमीटर. शनिवारी सकाळी पोचून संध्याकाळी परतलं तर गर्दी सोसते. प्रत्येक मुलाच्या खिशात मोबाइल क्रमांकाची चिठ्ठी ठेवा.

पत्र प्रमाण मराठीत लिहावं की अहिराणीत?

मराठीत लिहा, पण घरातल्या वडीलधाऱ्याचं एक वाक्य जसंच्या तसं ठेवा. ‘औंदा भू थंडी पडनी’ (यंदा खूप थंडी पडली) एवढं आजीच्या तोंडचं आलं तरी सुरतेतला नातू ते दोनदा वाचतो. ते वाक्य डीटीपीवाला ‘शुद्ध’ करून टाकतो, म्हणून छापण्याआधीचा नमुना आजीलाच दाखवा.